आजोबांची पलटण आणि आमचे मूळ गाव

स्मरणिकेत अहवाल, हिशेब आणि देणगीदारांची नामावली असतेच. त्यांच्या जोडीला सभासदांच्या घरोघरी उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासलेख असावा, असा संपादक मंडळाचा आग्रह पडला. मी इतिहासाचा पंडित नव्हे. सारी हयात शाळेत गणित शिकविले. परंतु आमच्या आजोबांचा शोध घेण्यात माझी काही वर्षे गेली, आणि त्यात जे शिकलो ते आपल्यापैकी पुष्कळांच्या कामाचे आहे असे वाटते. आपल्या बेळगाव, खानापूर, चंदगड भागात असे घर क्वचितच सापडेल की ज्यातील कोणी ना कोणी पलटणीत नव्हता. पण तो कोणत्या पलटणीत होता, कोठे लढला आणि त्याचे पुढे काय झाले, हे विचारले तर बहुतेक घरांत उत्तर एवढेच मिळते : "बसऱ्याला गेला होता म्हणे."

आमच्या घरीही तेवढेच उत्तर होते. आजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले आणि परतले नाहीत. ना तार आली, ना पेन्शन आली. माझे वडील तेव्हा दोन वर्षांचे होते. गावात कोणी म्हणे, पलटण सोडून पळाला. कोणी म्हणे, तिकडेच दुसरा संसार थाटला. आजी १९६१ साली वारली, तोपर्यंत तिने कपाळाचे कुंकू पुसले नाही. हळदीकुंकवाला मात्र तिला कोणी बोलावीत नसे. सवाष्ण म्हणावी तर नवरा नाही, विधवा म्हणावी तर निधनाची वार्ता नाही. मी त्या वेळी चौदा वर्षांचा होतो. तिचे ते दारात उभे राहून शेजारच्या घरातील बायकांची ये-जा पाहणे मला अजून दिसते. या शोधाचे मूळ तेथे आहे.

पहिली पायरी : घरातील आठवण कागदावर उतरवावी

शोध सरकारी कचेरीत सुरू होत नाही, तो स्वयंपाकघरात सुरू होतो. घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे आणि जे आठवेल ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. आपले तर्क त्यात मिसळू नयेत. पलटणीचा आकडा, बरोबर गेलेल्या गावकऱ्यांची नावे, मनीऑर्डर कोणत्या टपालातून येई, रजेवर कधी आला होता, या बारीकसारीक गोष्टी पुढे उपयोगी पडतात. माझ्या आत्याने सांगितलेले एकच वाक्य मला पुढे दिव्यासारखे उपयोगी पडले. ती म्हणाली, "आई म्हणायची, ते एकशेदहात होते." मला आधी वाटले, एकशेदहा रुपयांची किंवा एकशेदहा माणसांची काही गोष्ट असेल. तो पलटणीचा आकडा होता, हे कळायला मला दोन वर्षे लागली.

येथे पलटणींच्या आकड्यांचा खुलासा करणे अवश्य आहे, कारण बहुतेकांची गाडी याच ठिकाणी अडते. पहिल्या महायुद्धाच्या वेळी मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. सन १९२२ मध्ये सैन्याची पुनर्रचना होऊन या सहांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही एक रेजिमेंट झाली. १०३ ची पहिली बटालियन झाली, तीच जंगी पलटण. १०५ ची दुसरी, म्हणजे काळी पाचवी. ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी म्हणजे शिक्षण देणारी बटालियन झाली. तेव्हापासून रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावातच आहे. तिसरी बटालियन १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि आज ती वेगळ्या नावाने ओळखली जाते. म्हणून आजोबांचा आकडा आजच्या यादीत नाही एवढ्यावरून निराश होऊ नये.

दुसरी गोष्ट, सर्वच जण मराठा पलटणीत नव्हते. कोणी मुंबई सॅपर्समध्ये होते, त्यांचे केंद्र खडकीस आहे. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभारली गेली आणि १९२१ मध्ये मोडली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची उभारणी झाली ती बेळगावातच. तिचे केंद्र आता मध्य प्रदेशात सागर येथे आहे. कोणी खेचरांच्या तुकडीत, कोणी इस्पितळात, कोणी मजुरांच्या पथकात होते. त्यांचे कष्ट कमी नव्हते, आणि त्यांचीही नोंद झालेली आहे.

दुसरी पायरी : पदकाची कड वाचावी

ज्यांच्या देव्हाऱ्यात किंवा पेटीत जुने पदक असेल त्यांनी ते उजेडात धरून त्याची कड पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते. एक पदक चांदीचे असे, दुसरे पिवळ्या धातूचे व इंद्रधनुष्यासारख्या फितीचे. चांदीची पदके घरोघरी मोडली गेली; मुलीच्या जोडव्यांत किंवा पैंजणांत ती केव्हाच विरली. पिवळे पदक मोडून काही मिळत नसे म्हणून ते पुष्कळ ठिकाणी उरले आहे. पदक चिंचेने किंवा राखेने घासू नये. कडेवरील अक्षरे झिजली की पुरावा गेला. दुसऱ्या महायुद्धाची तारांकित पदके मात्र बरीचशी नावाविना आढळतात. त्यांवरून माणूस ओळखता येत नाही, पण आफ्रिका, इटली की ब्रह्मदेश, एवढे कळते.

नंबराविषयी एक सावधगिरी. त्या काळी नंबर पलटणीपुरता असे. एकच नंबर दोन पलटणींत दोन निराळ्या माणसांचा असू शकतो. म्हणून नंबर आणि पलटण ही जोडी कधी फोडू नये.

आमच्या घरी पदक नव्हते. त्यामुळे मला तिसऱ्या पायरीकडे वळावे लागले.

तिसरी पायरी : मूळ गाव कोणते ?

आमचे आडनाव गावाच्या नावाला 'कर' लावून झालेले आहे, आणि आम्ही तेच आमचे मूळ समजत होतो. पण त्या गावात आमचा देव नव्हता. कुलदैवताच्या जत्रेला वडील दरवर्षी दूर घाटाकडे जात, आणि का जातो ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. देव एका गावी आणि घर दुसऱ्या गावी असेल, तर कुटुंब केव्हातरी हललेले आहे असे खुशाल समजावे.

वंश आणि मूळ शोधण्याची आपल्या भागातील साधने अशी. पहिले, हेळवी. सुगी झाली की बैलावर बसून येणारा हेळवी लहानपणी सर्वांनी पाहिलेला आहे. आपण त्याला सूपभर धान्य देऊन वाटेला लावतो, पण त्याच्या वहीत आपल्या कुळाच्या पिढ्या लिहिलेल्या असतात हे विसरतो. दुसरे, तीर्थोपाध्ये. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील उपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांची नावे, गाव आणि येण्याचे कारण नोंदलेले असते. बरोबर कोण होते तेही सापडते. तिसरे, जमिनीचे कागद. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली झाला, आणि त्यानंतरच्या फेरफार नोंदींत मयत खातेदार व त्याचे वारस यांची नावे येतात. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, म्हणून येथील जुने कागद मराठीत आणि त्यापूर्वीचे मोडीत आहेत. मोडी वाचता येणारी माणसे आता थोडी उरली आहेत. ती आहेत तोवर कागद वाचून घ्यावेत. चौथे, जन्ममृत्यूचे गावरजिस्टर, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, आणि पाचवे, शाळेचा जनरल रजिस्टर.

आमचे कोडे हेळव्याने सोडविले. त्याने वही उघडली, बोट फिरविले आणि म्हणाला, "मालक, तुमचं मूळ हितलं न्हवं. गाठीच्या तापात तुमचं पणजं घाटाखालनं वर आलं. भाऊ तिथंच ऱ्हायला." गाठीचा ताप म्हणजे प्लेग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या जिल्ह्यात प्लेगने कहर केला होता आणि गावेच्या गावे उठून रानात राहत होती, हे इतिहासातही आहे. हेळव्याने मूळ गावाचे नाव सांगितले, कुळाचे जुने आडनाव सांगितले. ते आडनाव आमच्या घरात कोणी कधी ऐकले नव्हते.

चौथी पायरी : भाऊबंदांच्या दारात

त्या गावी मी गेलो. गावाचे व घरचे नाव येथे देत नाही. ओसरीवर बसलो, ओळख सांगितली, तशी घरात एकदम शांतता पसरली. थोड्या वेळाने घरचे कर्ते गृहस्थ हळूच म्हणाले, "तुम्ही वाटणीसाठी आलात काय ?" शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या भावाचा पणतू अचानक दारात उभा राहिला तर माणसाच्या मनात दुसरे काय येणार ! मी देव्हाऱ्यापुढे हात जोडून सांगितले, "दादा, मला गुंठाभर जमीन नको. मला आजोबांचे नाव हवे आहे." वाचकांस माझी कळकळीची सूचना आहे, मूळ गावी जाल तेव्हा हे पहिल्या वाक्यात सांगा. आणि सांगितलेले पाळा.

चहा झाल्यावर त्यांच्या मातोश्री आत गेल्या आणि देव्हाऱ्याच्या खणातून फडक्यात बांधलेली एक वस्तू घेऊन आल्या. पिवळे पदक होते. त्या म्हणाल्या, "हे लढाईवाल्याचं. दसऱ्याला पूजतो आम्ही. कुणाचं ते ठावं न्हाई." मी ते उन्हात धरले. कडेवर नंबर होता, शिपाई असा हुद्दा होता, आजोबांचे नाव होते आणि त्यापुढे हेळव्याने सांगितलेले जुने आडनाव. शेवटी ११० हा आकडा.

तेव्हा सारा उलगडा झाला. भरतीच्या वेळी आजोबांनी मूळ गाव आणि जुने आडनाव लिहविले होते. त्या काळी मराठा पलटणींत दख्खनी मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान अशा जातवारीने कंपन्या भरत, आणि पलटणीत आधीच असलेला गावकरी आपल्या गावचे पोर घेऊन जाई. नोंदीत गाव तेच पडले, आणि जवळचा नातलग म्हणून तेथील थोरल्या चुलत्याचे नाव पडले असावे. जे काही आले ते त्या पत्त्यावर आले. आमची आजी पन्नास मैलांवर वाट पाहत बसली होती.

त्या गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. अशा पाट्या कोकणात व घाटमाथ्यावर पुष्कळ गावांत आहेत. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर, नावे नाहीत. आकड्यांत आमचे आजोबा होते, आणि आमच्या गावात त्यांना पळपुटा म्हणत होते.

पाचवी पायरी : मृतांची नोंदवही

महायुद्धांत मृत्यू पावलेल्या सैनिकांची नोंद ठेवणारी संस्था म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. तिची स्थापना १९१७ साली झाली. तिच्या संकेतस्थळावर नाव, नंबर किंवा पलटण घालून विनामूल्य शोध घेता येतो. माझ्या नातीने ते काम केले. इंग्रज कारकुनाने आपली नावे कानाला लागतील तशी लिहिलेली आहेत, आणि मराठा या शब्दात 'र'च्या आधी एक 'ह' घातलेला आहे. म्हणून एका स्पेलिंगने न सापडल्यास दुसऱ्याने, तिसऱ्याने पाहावे. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो.

आजोबांची नोंद सापडली. पदकावरचा नंबर, बापाचे नाव आणि मूळ गाव, तिन्ही खुणा जुळल्या. मृत्यू १९१६ च्या ऑक्टोबरातील. स्मारक बसऱ्याचे. माझा नियम असा की, तीन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय "हेच आमचे" असे म्हणू नये. आपल्याकडे एकाच नावाचे दहा शिपाई एका पलटणीत असत. नुसत्या नावावरून दुसऱ्याचा वीर आपल्या घरात आणणे हा त्या दुसऱ्या घरावर अन्याय आहे.

बसऱ्याच्या स्मारकाविषयीही वाचकांनी जाणून घ्यावे. इराकच्या मोहिमेत मेलेल्या आणि कबर किंवा दहनस्थान ज्ञात नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांचे ते स्मारक आहे. तेथील दगडावर इंग्रजांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा फक्त पलटणवार आकडा. या असमान वागणुकीची कबुली कमिशनने २०२१ च्या अहवालात दिली. मूळ स्मारक १९९७ मध्ये बसऱ्याहून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेलेले आहे. शिपायांची नावे दगडावर नसली तरी नोंदवहीत आहेत.

आजोबांचे काय झाले ?

११० वी पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनच्या अठराव्या ब्रिगेडमध्ये होती. १०३ आणि ११७ या पलटणीही त्याच डिव्हिजनमध्ये होत्या. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली हे सैन्य तैग्रिस नदीकाठाने बगदादकडे चढत गेले. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे मोठी लढाई झाली, हानी फार झाली आणि सैन्य मागे सरकून कूट अल अमारा या गावी आले. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी वेढा घातला. बाहेरून वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत तेवीस हजारांच्या घरात माणसे मेली किंवा जखमी झाली, पण वेढा फुटला नाही. आत धान्य संपत आले. घोडे मारून मांस वाटले जाऊ लागले. आपले लोक ते खाईनात, आणि हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती मागवावी लागली. जवाच्या पिठाची भाकरी रोज लहान होत गेली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार लोक शरण गेले. पुढे उन्हाळ्यात वाळवंटातून पायी प्रवास, मोसूल, रास अल ऐन, रेल्वेच्या रस्त्याचे काम. त्यांतील हजारो परतले नाहीत.

मग आजोबा कैदेत वारले काय ? तसे वाटते खरे, पण मी ते छातीठोकपणे लिहीत नाही. ११० चे आजारी व नव्या भरतीचे काही लोक कूटबाहेर होते. अशा तुकड्यांची मिळून एक मराठा पलटण बाहेरच्या सैन्याबरोबर लढत होती. पलटणींच्या रोजनिशा लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, पण त्यांत अधिकाऱ्यांची नावे येतात, शिपायांचे केवळ आकडे. एवढे मात्र निर्विवाद आहे की, पळून गेलेल्याचे नाव युद्धात मेलेल्यांच्या नोंदवहीत येत नाही, आणि त्याच्या घरी पदक जात नाही. मला एवढे पुरे होते.

दुसऱ्या महायुद्धासंबंधी

ज्यांचे वडील वा आजोबा १९३९ ते १९४५ च्या युद्धात होते त्यांचे काम पुष्कळ सोपे आहे. डिस्चार्जचा कागद किंवा पेन्शनचे पुस्तक मिळाले तर त्यावरील नंबर घेऊन संबंधित रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसला, वारसाने अर्ज करावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्जास मदत करते. पलटण कळली की इतिहासही कळतो. केरेनच्या डोंगरावर १९४१ मध्ये दुसरी आणि तिसरी बटालियन लढली. दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा कैद झाली. चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाक येथे होती. इटलीत तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे त्या लढाईतच पडले. पहिल्या महायुद्धातील शिपायाची पूर्ण फाइल मिळेल अशी आशा मात्र सहसा धरू नये. त्यांच्यासाठी पदक, नोंदवही आणि गाव, हेच तीन आधार.

शेवटची विनंती

भाऊबंदांनी ते पदक मला देऊ केले. मी घेतले नाही. शंभर वर्षे ज्यांनी कोणाचे ते न कळता त्याची पूजा केली, त्यांच्याच देव्हाऱ्यात ते राहावे. पेन्शन आली होती काय आणि ती कोणी घेतली, हा प्रश्न मी विचारला नाही, पुढच्यांनीही विचारू नये अशी माझी घरात ताकीद आहे. फक्त त्यांना आजोबांचे नाव एका कागदावर लिहून दिले, तो कागद त्यांनी फडक्यात पदकाबरोबर बांधला. त्या वर्षीच्या सर्वपित्रीला आमच्या घरी आजोबांचे पान प्रथमच नावाने वाढले गेले, आणि शेजारी आजीचे. दोन्ही घरची माणसे पंगतीला होती.

ट्रस्टला माझी एक सूचना आहे. ट्रस्टने वाचनालयात एक जाड बांधणीची वही ठेवावी. प्रत्येक सभासद कुटुंबाने तीत एक पान लिहावे : मूळ गाव, कुलदैवत, जुने आडनाव, कोण केव्हा व का या गावी आले, आणि कोणी पलटणीत असल्यास त्याचा नंबर, नाव व पलटण. जे ठाऊक नाही तेथे जागा कोरी सोडावी, अंदाजाने भरू नये. पुढचा कोणीतरी ती भरील. हे काम यंदाच व्हावे, कारण ज्यांना आठवते ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आमच्या आत्याने ते एक वाक्य सांगितले आणि त्यानंतर सहा महिन्यांत ती गेली. आमच्या कुटुंबाचे पान मी लिहून तयार ठेवले आहे.